तिपायांची वाट

आधी आवाज ऐकू येतो. भिंतीपलीकडे, पहाटेच्या गारठ्यात, पन्नास मुलं एकच ओळ घोळवतायत. मधेच कुणाचा तरी सूर घसरतो, जमिनीवर काठी आपटते आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुम्ही अंगावरचं जाड लोकरी वस्त्र खांद्यावर ओढून घेता आणि दार ढकलता.

हे अथेन्स. इसवी सनपूर्व ३३४. थंडी सरत आली आहे आणि डायोनिसस देवाचा मोठा उत्सव अगदी तोंडावर आलाय. आत तेलाच्या दिव्यांचा धूर कोंडलाय. दहा-बारा वर्षांची मुलं गोल करून उभी आहेत. कुणी पायावर पाय घासतंय, कुणी झोप आवरतंय, एकाचं नाक वाहतंय. त्यांच्याभोवती काठी घेऊन फिरणारा तो लिसियादेस. तो एक ओळ म्हणून दाखवतो, मुलं ती उचलतात. तो मान हलवतो आणि पुन्हा म्हणतो; या खेपेला शेवटच्या अक्षरावर आवाज जरासा वर नेऊन तिथेच सोडतो. मुलंही तसाच नेतात, तसाच सोडतात. पायही चालतायत, कारण ओळ आणि पाऊल इथे एकत्रच शिकवतात.

तुमची नजर सवयीने कागद शोधते. मुलांचे हात रिकामे आहेत. या खोलीत गाणं असलंच तर लिसियादेसच्या घशात आहे, आणि तिथून ते थेंबाथेंबाने पन्नास घशांत उतरतंय.

मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तालीम. नाटक बसवतात ती तालीम, घराण्याच्या गवयापुढे वर्षानुवर्षं बसून मिळते तीही तालीम. ग्रीकांची भाषा याच वाटेने गेली. कोरससाठी, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या संघासाठी, ज्याने शब्द रचले, चाल बांधली, पावलं बसवली, त्याला ते ‘दिदास्कालोस’ म्हणत. अर्थ एवढाच, शिकवणारा. अमक्याने अमुक नाटक ‘शिकवलं’, असं ते सहज बोलत. शिकवण्यातच त्याची सगळी करणी मोजली. हे क्रियापद ध्यानात असू द्या. शेवटी ते दगडावर भेटणार आहे.

दाराशी हात बांधून उभा असलेला गृहस्थ म्हणजे लिसिक्रातेस, लिसिथेइदेसचा मुलगा, किकिन्ना गावचा. सगळा खर्च त्याचा आहे. अशा माणसाला इथे ‘खोरेगोस’ म्हणतात. आपण यजमान म्हणू. अथेन्सचे नागरिक दहा गणांत वाटलेले आहेत, आणि प्रत्येक गण उत्सवात दोन गायनसंघ उतरवतो, पन्नास पुरुषांचा एक आणि पन्नास मुलांचा एक. दहा गणांचे वीस संघ, हजार कंठ. उणेपुरे वीस-तीस हजार नागरिक असलेल्या या शहरात दर वर्षी हजार जण नवं गाणं पाठ करून लोकांसमोर उभे राहतात. म्हणजे थिएटरात तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाने कधी ना कधी स्वतः त्या वर्तुळात उभं राहून घाम गाळलेला असण्याची शक्यता बरीच आहे. हा असा श्रोतृवर्ग मिळणं, याहून मोठं बक्षीस गाणं बांधणाऱ्याला काय हवं?

मुलांच्या संघाचा यजमान चाळिशी ओलांडलेलाच हवा, असा इथला कायदा आहे. कोवळी पोरं महिनोन् महिने परक्या माणसाच्या हवाली करायची, तर तो पोक्त असावा, हे त्यामागचं कारण. काळजीला कारणंही घडलेली आहेत. पंचाऐंशीएक वर्षांपूर्वी असाच एक मुलांचा संघ एका यजमानाच्या घरी तालीम करत होता. आवाज मोकळा व्हावा म्हणून दियोदोतोस नावाच्या मुलाला काहीतरी काढा पाजला, आणि मुलगा दगावला. यजमानावर खटला भरला गेला. त्याच्या बचावाचं भाषण आजही वाचायला मिळतं. ते वाचलेलं असलं की या खोलीत कोपऱ्यातल्या मडक्यातून मुलांना काहीतरी कोमट प्यायला देताना पाहून पोटात गोळा येतो. मध असेल. तुम्ही स्वतःला सांगता, मधच असेल.

आणि पैसा? सत्तर वर्षांपूर्वी एका यजमानाने न्यायालयात आपला हिशेब मांडला होता. पुरुषांच्या संघावर, जिंकल्यावर बक्षिसाची तिपाई उभारण्याच्या खर्चासकट, ५,००० ड्राख्मा. मुलांच्या संघावर १,५०० च्या वर. त्या काळी कसबी गवंड्याला दिवसाची मजुरी एक ड्राख्मा मिळे. एका गाण्यासाठी, जे एकदाच गायलं जाणार, गवंड्याच्या तेरा-चौदा वर्षांच्या घामाइतकी रक्कम. श्रीमंतांवर शहराने टाकलेलं हे ओझं होतं हे खरं, पण ते ओझं मिरवायचीही चढाओढ असायची.

आता कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे वळा. बराच वेळ तो काहीच बोललेला नाही. त्याने एका छोट्या डबीतून दोन पत्त्या काढल्यात, त्या ओठांत धरून तो ओल्या करतोय. हा थिऑन, औलोस वाजवणारा.

औलोसला पुस्तकांतून बासरी म्हणायची चूक सर्रास होते. बासरीचा गोडवा मनातून काढून टाका. हे वाद्य आपल्या सनईच्या गोतातलं, पत्तीवर बोलणारं, आणि तेही एक नळी नव्हे, दोन. दोन्ही नळ्या एकाच वेळी तोंडात, प्रत्येक हाताला एक. दाब इतका की गाल फुटू नयेत म्हणून वादक तोंडावरून डोक्यामागे चामड्याचा पट्टा बांधतो. लग्नाच्या मांडवात सनईवाल्याचे फुगलेले गाल पाहिलेत ना? ते जोर दुप्पट करून डोळ्यांपुढे आणा.

थिऑन इथे कसा आला, त्यातही एक नाट्य आहे. महिन्यांपूर्वी सगळे यजमान एकत्र बसले आणि चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. कुणाला पहिली निवड, कुणाला शेवटची. पहिली चिठ्ठी ज्याची निघे तो सर्वांत नावाजलेला वादक उचले. वक्ता डेमोस्थेनिस एकदा यजमान झाला होता आणि त्याला पहिली निवड मिळाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्यानेच सांगितलंय. वादकाचं वजन किती, हे त्याच हकिकतीत पुढे कळतं. वैऱ्याने त्याच्या संघाच्या शिक्षकाला फितवलं, तालीम मोडायची वेळ आली, तेव्हा टेलेफानेस या औलोसवादकाने त्या शिक्षकाला हाकलून दिलं आणि मुख्य म्हणजे स्वतः कोरस बसवून घेतला. इतकं करून तिपाई हातची गेली ती गेलीच. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. या खोलीत ती सगळ्यांना ठाऊक आहे. लिसियादेस आणि थिऑन एकमेकांकडे बघतात त्या नजरेत तुम्हाला ती दिसेल.

आणखी एक गोष्ट या खोलीत आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. औलोसचं माहेर थीब्ज. पिढ्यान् पिढ्या नामांकित वादक तिथून आले. एकाच जोडीवर सगळ्या स्वरजाती वाजवता याव्यात अशी सोय ज्याने केली, तो प्रोनोमोस थीब्जचाच. आणि मागच्या शरदात अलेक्झांडरने थीब्ज जमीनदोस्त केलं. सहा हजार मेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले, असे आकडे जुन्या इतिहासकारांनी दिलेत. कवी पिंडारचं घर तेवढं राखलं. अथेन्सपासून दोन दिवसांच्या वाटेवरचं शहर, आज नाही.

थिऑनच्या ओठांतली पत्ती कोपाइस सरोवराच्या काठच्या बोरूची आहे. उत्तम बोरू तिथेच उगवतो. थिओफ्रास्टसने वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याची रीत नोंदवली आहे. पूर्वी साधं वाजवायचे तेव्हा बोरू वर्षाच्या उत्तरार्धात कापत. नंतर वादन नागमोडी, अलंकारांचं झालं, तशी कापणीच बदलली. ऐन उन्हाळ्यात कापू लागले, कारण त्या पत्तीला लवचीकपणा जास्त. अशी पत्ती वाजवण्याजोगी व्हायला तीन वर्षं लागतात. हिशेब करा. थिऑन या क्षणी ओठांत जी पत्ती भिजवतोय ती कापली गेली तेव्हा थीब्ज उभं होतं.

तो पट्टा बांधतो. दोन्ही नळ्या तोंडाला लावतो. आणि मुलांच्या पाठीचे कणे आपोआप ताठ होतात.

उत्सवाच्या दिवशी तुम्ही अंधार असतानाच निघता. गर्दी अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उताराकडे वाहतेय. लोकांच्या हातात उशा आहेत, खाण्याच्या पुरचुंड्या आहेत, दारूचे बुधले आहेत. थिएटरचं बांधकाम चालू आहे. जुनी लाकडी बाकं काढून शहराचा कारभारी लिकुर्गोस याच्या देखरेखीखाली दगडी पायऱ्या बसवताहेत. जिथे बसाल तिथला दगड नुकता तासलेला आहे; हाताला पांढरी भुकटी लागते, आणि थंडी बुडातून थेट मणक्यात चढते. उशीचं महत्त्व तेव्हा कळतं. समोर गोल अंगण, त्यापलीकडे रंगमंचाची इमारत, डावीकडून हिमेत्तोसच्या डोंगरावर उजाडतंय. तुमच्या वर-खाली, आजूबाजूला चौदा-पंधरा हजार माणसं खोकतायत, हसतायत, भांडतायत.

शेजारचा म्हातारा तुम्हाला मूठभर बदाम देतो. घ्या, पण लगेच खाऊ नका. अ‍ॅरिस्टॉटल मागच्याच वर्षी या शहरात परतून शिकवू लागला आहे. थिएटरात लोक खाऊ केव्हा चघळतात, यावर त्याचं निरीक्षण आहे: नट वाईट असले की. म्हणजे दाढांचा आवाज हाही इथे एक निकाल आहे. याहून वाईट निकाल म्हणजे टाचा आपटणं आणि फूत्कार. प्लेटो म्हातारपणी या आरडाओरड्यावर फार चिडला होता. संगीतातलं बरंवाईट आता गर्दी ठरवू लागली, असं त्याचं गाऱ्हाणं होतं. मी याबाबत गर्दीच्या बाजूचा आहे. जी गर्दी स्वतः गाऊन आलेली आहे तिला मत असणारच.

परीक्षक मात्र वेगळे आहेत, आणि त्यांची निवड पाहण्यासारखी असते. प्रत्येक गणातल्या नावांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या घटांत घालून ते घट मोहोरबंद करतात आणि अ‍ॅक्रोपोलिसवर ठेवतात. त्यांना हात लावणाऱ्याला देहदंड. उत्सवात ते घट सर्वांसमोर आणले जातात आणि मुख्य अधिकारी, या वर्षी युएनेतोस, प्रत्येकातून एक नाव काढतो. दहा घट, दहा माणसं. कालपर्यंत ती चांभार, सावकार, शेतकरी काहीही असतील. आज शपथ घेऊन खाली पुढच्या रांगेत बसली आहेत. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेच्या निकालाच्या रात्री परीक्षक कोण होते यावर किती वाद घातले जातात! या लोकांनी तो वाद चिठ्ठीवर सोपवून टाकला.

एकामागून एक संघ येतात. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत कान थकतो. आजूबाजूला बदाम चघळायला सुरुवात झाली आहे. सगळी डिथिरॅम्ब आहेत, डायोनिससच्या मानाची समूहगीतं. मुखवटे नाहीत, पात्रं नाहीत. डोक्यावर मुकुट, अंगात झगमगीत वस्त्रं, आणि वेदीभोवती फिरणारं पन्नासांचं कडं. स्वरजात बहुतेक फ्रिजियन. फिलोक्सेनोस नावाच्या एका रचनाकाराने डिथिरॅम्ब डोरियनमध्ये बांधायचा प्रयत्न केला, पण चाल आपल्या पायांनी परत फ्रिजियनमध्ये उतरली, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. ज्याने कधी मनाविरुद्ध भैरवीत उतरलेली चाल अनुभवली आहे त्याला हे शास्त्रापेक्षा खरं वाटेल.

मग अकामांतिस गणाचा, लिसिक्रातेसच्या गणाचा, पुकारा होतो.

पन्नास मुलं आत येतात आणि इतक्या मोठ्या जागेत एकदम लहान दिसू लागतात. त्या धुरकट खोलीत ती मोठी वाटली होती. थिऑन मधोमध उभा राहतो. अंगात घोट्यापर्यंतचा नक्षीदार झगा, एका पायात तळव्याला लाकडी टाळी जोडलेला जोडा. तो पाय उचलतो. एक ठोका. दोन. आणि दोन्ही नळ्या एकदम बोलू लागतात.

आवाज तुमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी रांगडा आहे. एक नळी सूर धरून बसते, दुसरी तिच्याभोवती वळसे घेते, मधेच दोन्ही इतक्या जवळ येतात की हवेत कंप उठतो आणि दातांत जाणवतो. त्यावर मुलांचे आवाज चढतात. पुरुषांच्या संघाचा भरदारपणा यात नाही. आहे ती धार, पातळ, सरळ, वरच्या पायरीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारी. कडं एका दिशेने फिरतं, थांबतं, उलट फिरतं. फिरताना प्रत्येक मुलाचं तोंड क्षणभर तुमच्याकडे येतं आणि त्याचा एकट्याचा आवाज गर्दीतून सुटा होऊन कानावर पडतो, मग पुढच्याचा, मग त्याच्या पुढच्याचा. रचनाकाराने चाल बांधताना हे फिरणं ऐकलेलं असणार. सरळ रांगेत उभ्या कोरससाठी ही चाल बांधताच येणार नाही.

मग ती ओळ येते. तुम्ही पहाटे पन्नास वेळा ऐकलेली. शेवटचं अक्षर वर जातं. तुमचा श्वास अडकतो, कारण ते नाक वाहणारं पोर नेमकं आत्ता तुमच्या समोर आलंय. ते सूर वर नेतं, क्षणभर तिथे ठेवतं आणि सोडून देतं.

शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातला बदाम हातातच राहिलाय.

दहावा संघ बाहेर पडल्यावर परीक्षक आपापल्या पाट्यांवर क्रम लिहितात आणि पाट्या घटात टाकतात. या दहांपैकी फक्त पाच बाहेर काढायच्या. त्या पाचांवर निकाल. उरलेल्या पाच तशाच आत राहतात. लाच द्यायची तरी कोणाला, हे कळू नये म्हणून केलेली ही युक्ती, शिवाय देवालाही आपलं मत द्यायला थोडी जागा. मला त्या न काढलेल्या पाच पाट्या सारख्या आठवतात. कुणाचं तरी उत्तम गाणं त्या पाटीवर पहिलं होतं, आणि ते घटाच्या तळाशी राहिलं.

या वर्षी मात्र दवंडीवाला ओरडतो, अकामांतिस! तो गणाचं नाव घेतो. उतारावरचा एक भला मोठा तुकडा उठून उभा राहतो. लिसिक्रातेसला लोक ढकलत पुढे नेतात. मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, मुकुट वाकडे झालेत. थिऑन वाकून जोड्याचा पट्टा सोडतोय. लिसियादेस कुठे आहे? तो अंगणाच्या कडेला उभा आहे, ओठ अजून हलतायत. बहुधा शेवटची ओळ.

बक्षीस म्हणजे तिपाई, काशाची, तीन उंच पायांवर बसवलेली मोठी कढई. तिच्यात काही शिजायचं नाही. शहर ती देतं. ती लोकांना दिसेल अशी उभारायची जबाबदारी आणि तिचा खर्च यजमानाचा. थिएटरपासून निघून अ‍ॅक्रोपोलिसच्या पूर्वेला वळसा घेत जाणारा एक रस्ताच त्यासाठी आहे. तिपायांची वाट म्हणतात तिला. संध्याकाळी तिथून चालत जा. दोन्ही अंगांना चबुतरे, खांब, छोटी देवळं, आणि प्रत्येकावर एक कढई मावळतं ऊन धरून उभी. शंभर-दीडशे वर्षांची जिंकलेली गाणी एका रांगेत. पावलं आपोआप मंदावतात. वारा सुटला की एखादी कढई गुणगुणते. बाकी वाट मुकी आहे.

या मुकेपणाने जीव कळवळला असेल तर आणखी थोडं मागे चला, चौऱ्याहत्तर वर्षं. इसवी सनपूर्व ४०८, हेच थिएटर, बाकं लाकडी. आज शोकांतिकांची स्पर्धा आहे आणि युरिपिडीसने ‘ओरेस्टेस’ आणलंय. शोकांतिकेतही संगीताला वेगळं बक्षीस नाही. कवीच शब्द लिहितो, चाल बांधतो, कोरसला शिकवतो, आणि या सगळ्याचा मिळून एकच निकाल लागतो. युरिपिडीसला जिवंतपणी अवघ्या चार वेळा पहिलं बक्षीस मिळालं. लोक त्याच्या चालींना नावं ठेवत. नको तिथे एकेक अक्षर ताणतो, नव्या संगीतवाल्यांच्या नादी लागलाय, म्हणत. विनोदी नाटकांतून त्याची यथेच्छ नक्कल चाले.

आईचा खून केलेला ओरेस्टेस भ्रमिष्ट होऊन पडलाय. त्याच्यासाठी कोरस विलाप करतो आणि लय अशी अडखळती, ठेचाळणारी होते की बाकावर नीट बसवत नाही. ही जागा कान देऊन ऐका. कारण याच विलापातल्या सात-एक ओळींचा तुकडा, वर स्वरांच्या खुणा लिहिलेला, इजिप्तमधल्या एका पपायरसवर सापडला. आज तो व्हिएन्नात आहे. तळहाताएवढा, कडा कुरतडलेला. तो लिहिला गेला नाटकानंतर शंभर-दोनशे वर्षांनी, पण चाल युरिपिडीसचीच असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात. अथेन्सच्या त्या सुवर्णकाळात रंगभूमीसाठी बांधलेल्या हजारो चालींपैकी आपल्या हाती उरलेत ते असे मोजके तुकडेच. बक्षिसं मिळालेल्या चाली गेल्या, न मिळालेल्या गेल्या. युरिपिडीस त्याच सुमारास अथेन्स सोडून मॅसेडोनियाला गेला आणि तिथेच वारला. पाचवं बक्षीस त्याला मेल्यावर मिळालं.

परत ३३४ मध्ये या. आता ऊन तापलंय, उत्सव कधीच उरकलाय. अलेक्झांडर सैन्य घेऊन आशियात उतरलाय. तिपायांच्या वाटेवर छिन्नीचा आवाज येतोय.

लिसिक्रातेसने हात आखडता घेतलेला नाही. चौकोनी उंच जोत्यावर गोल इमारत उठतेय. भोवतीने सहा खांब, माथ्यावर पानांची कोरीव कळसरचना. खांबांच्या शिरावरची नक्षी कोरिंथियन. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला ही शैली वापरल्याचा, टिकून राहिलेल्यांपैकी, हा सर्वांत जुना नमुना ठरणार आहे. वरच्या पट्ट्यावर डायोनिससची गोष्ट कोरलीय: चाच्यांनी देवाला पकडलं आणि देवाने त्यांचे डॉल्फिन केले. एक चाचा अर्धा पाण्यात शिरलाय, डोकं माशाचं, पाय अजून माणसाचे. कारागिराने तो बदलाचा क्षण काय पकडलाय! सर्वांत वर, त्या पानांवर, तिपाई बसायची आहे.

ही सगळी उस्तवार आणखी वीसेक वर्षंच चालणार आहे. मग फालेरॉनचा डेमेट्रियस सत्तेवर येऊन यजमानांची प्रथाच मोडीत काढील आणि स्पर्धेचा कारभार शहराने नेमलेल्या एका अधिकाऱ्याकडे जाईल. तिपाई नाहीशी होईल. वाटेवरचे चबुतरे एकेक करून घरांच्या भिंतींत जातील. ही गोल इमारत तेवढी वाचेल, तीही नशिबाने: १६६९ मध्ये फ्रेंच कापुचिन साधू जागा विकत घेतील, तिला मठाच्या भिंतीत सामावून घेतील, आत पुस्तकं ठेवतील. १८१० मध्ये कवी बायरन त्या मठात मुक्कामाला येईल. लोक तिला डेमोस्थेनिसचा कंदील म्हणतील. आजही प्लाका भागात तिपायांचं नाव सांगणारा रस्ता आहे आणि त्याच्या टोकाशी ती उभी आहे, आजूबाजूला कॉफीची टेबलं मांडलेली.

आणि याच शहरात, इथून थोड्या अंतरावर, अ‍ॅरिस्टॉटल उत्सवांतल्या विजयांच्या याद्या जमवणार आहे. कोणत्या वर्षी, कोणी, काय सादर केलं. त्या नोंदींच्या ग्रंथाचं नाव ‘दिदास्कालिआइ’. सरळ मराठीत सांगायचं तर, ‘तालमी’. ग्रंथ हरवला, पण त्यातून इतरांनी उतरवून घेतलेल्या नोंदींवर आपली बरीच माहिती उभी आहे.

आता शिडीवर चढलेल्या पाथरवटाजवळ जा. खांबांच्या वर, गोल पट्टीवर तो अक्षरं कोरतोय. ग्रीक येत नसलं तरी हरकत नाही, शब्द थोडेच आहेत. पहिलं नाव अर्थात पैसे देणाऱ्याचं, बापाच्या आणि गावाच्या नावासह. मग गण आणि मुलांचा संघ. मग थिऑन. शंभर वर्षांपूर्वीच्या दगडांवर वादकाचं नाव सहसा नसेच. आता ते शिकवणाऱ्याच्याही आधी आलंय. टेलेफानेससारख्यांनी ते कमावलंय. मग लिसियादेस. शेवटी, वर्ष कळावं म्हणून, युएनेतोस.

क्रियापदं मात्र नीट पाहा. पाथरवट ती पूर्ण झालेल्या भूतकाळात कोरत नाहीये. शर्यत संपली, निकाल लागला, कढई हाती आली. ‘जिंकला’, ‘वाजवलं’, ‘शिकवलं’ असं लिहिता आलं असतं. या दगडांची रीत वेगळी आहे. पाचही क्रियापदं चालू भूतकाळातली आहेत.

पाथरवट फुंकर मारून भुकटी उडवतो आणि एक पायरी सरकतो. मागे उरलेली अक्षरं नुकती कोरलेली, पांढरी फटक. लिसिक्रातेस खर्च करत होता. अकामांतिस जिंकत होता. थिऑन वाजवत होता.

छिन्नी पुढच्या नावावर टेकते. लिसियादेस शिकवत होता.